आगमनकाळ २०२६ : रोजच्या शास्त्रवाचनाचा आराखडा कसा आखावा?

कोनाडा
यंदा आगमनकाळाचा (नाताळआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ) पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे. २४ डिसेंबरपर्यंत मोजलं तर २६ दिवस. रोज वीस-पंचवीस मिनिटांचं शास्त्रवाचन आणि प्रार्थना, असा आराखडा आखायचा आहे. सकाळी एकट्याने करता यावा, आणि त्यातलाच एखादा तुकडा संध्याकाळी घरच्यांसोबत वाचता यावा.

ढोबळमानाने तीन वाटा दिसतात. लूककृत शुभवर्तमान, रोज एक अध्याय. यशया सलग, जमेल तितका. किंवा मंडळीच्या वाचनपंचांगात त्या त्या दिवशी नेमलेली वाचनं.

"मनापासून वाचा, देव बोलेल" हे मान्यच आहे, पण इथे जरा हिशेबी उत्तरं हवीत. किती वचनं, किती वेळ, काय गाळायचं, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या आठवड्यात गाडी का अडते?

उंटावरचा शहाणा
लूक. २४ अध्याय, १ ते २४ डिसेंबर. हिशेब चुकता, डोक्याला ताप नाही. पुढचा प्रश्न?

दिवटी
@उंटावरचा शहाणा, आकडा जुळतो पण काळ जुळत नाही. लूकचा पहिला अध्याय ८० वचनांचा. नव्या करारात याहून जास्त वचनांचा अध्याय नाही. जखऱ्या, गब्रीएल, मरीया, अलीशिबा, दोन गीतं, योहानाचा जन्म, सगळं पहिल्याच दिवशी घाईत उरकायचं. २ तारखेला येशू जन्मतो आणि अध्याय संपेपर्यंत बारा वर्षांचा होऊन मंदिरात शास्त्र्यांपुढे बसलेला असतो. २२ ला अटक, २३ ला वधस्तंभ, आणि नाताळच्या आदल्या रात्री रिकामी कबर. आगमनकाळात जिथे रेंगाळायचं तिथूनच ही योजना धावत सुटते.

उंटावरचा शहाणा
बरं, पण लूक २४:२७ विसरू नका. अम्माऊसच्या वाटेवर प्रभू मोशे आणि सर्व संदेष्ट्यांपासून सुरुवात करून स्वतःविषयीच्या गोष्टी उलगडून सांगतो. यशया कसा वाचायचा याची किल्ली तिथे आहे. २४ डिसेंबरला ते वाचणं काही वाया जात नाही.

दिवटी
किल्ली म्हणून एकदम मान्य. मग ती पहिल्या दिवशी द्या ना, कुलपं उघडून झाल्यावर कशाला? :)

तळटीप
मत तिसऱ्या वाटेला. फक्त तिची रचना आधी समजून घ्या, नाहीतर पहिल्याच रविवारी गोंधळायला होतं. नाताळची तयारी म्हणून पान उघडावं तर समोर मार्क १३:३३-३७. घरधनी परदेशी गेलाय, संध्याकाळी येईल की मध्यरात्री की कोंबडा आरवताना ते ठाऊक नाही, जागे राहा. गोठा नाही, तारा नाही. कारण हा काळ शेवटाकडून सुरू होतो. आधी प्रभूचं पुनरागमन, मग बाप्तिस्मा करणारा योहान, आणि अगदी अखेरीस नासरेथ. नाताळची गोष्ट महिनाभर आधी वाचायला घेतली की दुसऱ्या आठवड्यात गाडी अडते, कारण पुढे वाचायला काही उरतच नाही.

रोमन (कॅथलिक) पंचांगात साध्या वारांची वाचनं दोन भागांत आहेत. १६ डिसेंबरपर्यंत एक, १७ ते २४ दुसरा. पहिल्या भागात आधी यशया पुढे पुढे सरकतो आणि शुभवर्तमान त्याला जुळेल असं निवडलेलं असतं. पहिल्या बुधवारी यशया २५ मधली डोंगरावरची मेजवानी, तर सोबत मत्तय १५ मधल्या सात भाकरी. शुक्रवारी यशया २९ मध्ये आंधळ्यांचे डोळे पाहतील असं वचन, तर सोबत मत्तय ९ मधले दोन आंधळे. दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारपासून शुभवर्तमानात योहान येतो आणि तिथून लगाम शुभवर्तमानाच्या हातात जातो. १७ पासून मत्तय १ आणि मग लूक १, क्रमाने.

त्यामुळे ही जोडी तोडू नये. वेळ कमी असला की लोक जुना करार गाळतात आणि शुभवर्तमान तेवढं वाचतात. पहिल्या दोन आठवड्यांत नेमकं उलटं करावं. वेळ नसेल तर यशया वाचा, शुभवर्तमान हे तिथे उत्तर आहे आणि प्रश्न यशयात आहे.

गप्पिष्ट
वाचनखूण साठवली. एक शंका: रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं ना, मग यंदा कोणतं वर्ष? अ, ब की क?

तळटीप
ब. २९ नोव्हेंबरला सुरू होणारं उपासनावर्ष २०२७ चं धरायचं. सनाला ३ ने भागून बाकी ० उरली तर क (लूक), १ उरली तर अ (मत्तय), २ उरली तर ब (मार्क). २०२७ ला बाकी २.

ब वर्षाची गंमत अशी की मार्कमध्ये जन्मकथाच नाही. म्हणून पहिले दोन रविवार मार्क, तिसऱ्याला योहान १:६-८, १९-२८, आणि चौथ्याला उसनवारी करून लूक १:२६-३८. सुधारित सामायिक वाचनपंचांग वापरणाऱ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही रविवारची शुभवर्तमानं यंदा जवळपास हीच असतील.

यंदाच्या दोन खाचा सांगून ठेवतो. ३० नोव्हेंबर सोमवारी येतो, म्हणजे प्रेषित आंद्रियाचा सण. त्या दिवशी यशया २:१-५ ऐवजी सणाची वाचनं. तलवारी मोडून फाळ करण्याचं ते वचन ब वर्षाच्या रविवारीही नाही, म्हणजे यंदा ते पूर्ण निसटतं. ते स्वतःहून वाचावं. दुसरी खाच मंगळवार ८ डिसेंबर, मरीयेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. त्यामुळे यशया ४०:१-११ हटतं, पण ६ तारखेच्या रविवारी त्याचा बहुतेक भाग आहे, तेव्हा तिथे नुकसान नाही.

पायवाट
काय वाचायचं ते झालं, कसं वाचायचं ते थोडं. मठपरंपरेतल्या शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या बाराव्या शतकात कार्थुसियन संन्यासी दुसरा गिगो याने शिडीच्या रूपात मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. वीस मिनिटांची वाटणी साधारण अशी बसते. वाचनाला ५, त्यात उतारा तीनदा आणि त्यातला एकदा तरी मोठ्याने. मननाला ७. प्रार्थनेला ५. उरलेली ३ मिनिटं काहीही न बोलता. उतारा ८ ते १२ वचनांचा असावा. वीसच्या वर गेलात की ते मनन राहत नाही, नुसतं उरकणं होतं.

बिघडतं ते बहुतेक मननाच्या पायरीवर. एक तर माणूस तिथे भाष्यग्रंथ उघडतो आणि वीस मिनिटं अश्शूरच्या राजांत जातात. अभ्यास हवाच, पण तो आदल्या रात्री करा. किंवा मग "यातून मला काय?" हा प्रश्न "इथे लिहिलंय काय?" याच्या आधी येतो, आणि मग प्रत्येक उताऱ्यातून कालचाच अर्थ निघतो.

यावर एक साधा उपाय: पेन्सिलने फक्त एवढंच टिपायचं, कोण बोलतोय आणि कोणाशी. यशया ४०:१-११ घ्या. "सांत्वन करा" ही आज्ञा हिब्रूत अनेकवचनी आहे, एकट्या संदेष्ट्याला नाही. तिसऱ्या वचनात एक वाणी. सहाव्यात दुसरी, ती म्हणते घोषणा कर, आणि समोरचा विचारतो, काय घोषणा करू? नवव्यात सुवार्ता सांगणाऱ्याला उंच डोंगरावर चढायला सांगितलंय. आणि मग दहावं-अकरावं वचन एकाखाली एक ठेवून बघा. दहाव्यात प्रभूचा बाहू सत्ता चालवतो, अकराव्यात तो कोकरं उराशी धरतो. हिब्रूत दोन्हीकडे शब्द एकच, ज़रोआ. ज्या हाताने राज्य करतो त्याच हाताने कोकरू उचलतो. एवढं दिसलं की सात मिनिटं पुरत नाहीत.

शब्दवेल्हाळ
पायवाट, तिसऱ्या वचनात अजून एक मेख आहे. हिब्रूत विराम असा बसतो: वाणी ओरडते, "अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा." मार्क १:३ मध्ये, सेप्टुअजिंटप्रमाणे (जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर), तोच असा: अरण्यात ओरडणाऱ्याची वाणी, "प्रभूचा मार्ग तयार करा." एकीकडे रस्ता अरण्यात, दुसरीकडे ओरडणारा अरण्यात. ६ डिसेंबरला दोन्ही वाचनं एकाच दिवशी आहेत, शेजारी ठेवून पाहायला अगदी योग्य दिवस.

शिवाय मार्क म्हणतो "यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात", पण १:२ यशयातलं नाहीच. ते मलाखी ३:१ आणि निर्गम २३:२० यांचं मिश्रण. नंतरच्या काही हस्तलिखितांत नकलनविसांनी म्हणूनच "संदेष्ट्यांच्या ग्रंथात" असं सावरून घेतलंय.

गप्पिष्ट
म्हणजे संदर्भ चुकवण्याची परंपरा आंतरजालापेक्षा जुनी आहे तर. (हलके घ्या.)

कोनाडा
मस्त चाललंय. पण शब्दवेल्हाळ, वचनांच्या क्रमांकांचा घोळ जरा सोडवा. पहिल्या रविवारचं वाचन यशया ६३:१६-१७, १९ आणि ६४:२-७ असं दिलेलं दिसतं. मराठी पवित्र शास्त्रात ६३:१९ उघडलं तर आकाश विदारून खाली येण्याचं वचन सापडतच नाही.

शब्दवेल्हाळ
सापडणार नाही, ते पुढच्या अध्यायात गेलंय. रोमन पंचांग हिब्रू क्रमांक पाळतं. हिब्रूतल्या ६३:१९ चा उत्तरार्ध म्हणजे आपल्याकडचं ६४:१. तिथून सगळं एकाने पुढे सरकतं, म्हणून पंचांगातलं ६४:२-७ म्हणजे आपलं ६४:३-८. "आम्ही माती, तू कुंभार" हे आठव्यात येईल. सातव्यावर थांबलात तर वाचन नेमकं कुंभाराच्या आधी तुटतं.

असे आणखी सांधे: यशया ९ (हिब्रू ९:१ म्हणजे आपलं ९:२), मीखा ५ (हिब्रू ५:१ म्हणजे आपलं ५:२, बेथलेहेम एफ्राथाचं वचन), आणि मलाखी. हिब्रू मलाखीत तीनच अध्याय, त्यामुळे २३ डिसेंबरचं मलाखी ३:२३-२४ म्हणजे आपलं ४:५-६, एलीयाचं वचन. याखेरीज दुसऱ्या शनिवारचं वाचन बेन सिराच्या ग्रंथातलं आहे (४८ वा अध्याय, पुन्हा एलीया). ज्यांच्या शास्त्रात तो ग्रंथ नाही त्यांनी २ राजे २:१-१२ वाचावं, त्या दिवशीच्या मत्तय १७ शी ते व्यवस्थित जुळतं.

जाता जाता, नवख्यांसाठी: इशाय म्हणजे दावीदाचा बाप आणि यशया म्हणजे संदेष्टा. "इशायाच्या बुंध्याला फुटलेला धुमारा" यशयात आहे. घाईत मोठ्याने वाचताना हमखास अदलाबदल होते.

उंटावरचा शहाणा
आणि जखऱ्या दोन. एक संदेष्टा, एक मुका झालेला याजक. पहिल्याचं पुस्तक आहे, दुसऱ्याची पाटी.

साधासरळ
मला मूळ मुद्द्यावरच बोलायचं आहे. आगमनकाळ पाळा असं शास्त्रात कुठे लिहिलंय? कलस्सैकर २:१६-१७ मध्ये सण आणि दिवस यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये असं स्पष्ट आहे. वर्षभर वाचणाऱ्याला डिसेंबरचं वेगळं पंचांग कशाला?

दिवटी
रोमकर १४:५-६ पण आहे. दिवस पाळणारा प्रभूसाठी पाळतो, न पाळणाराही प्रभूसाठीच. इथे कोणी सक्ती करत नाहीये. पंचांगाचा उपयोग एवढाच की आपण आपल्या आवडीचे उतारे निवडत बसत नाही. स्वतः निवडलं तर सफन्या ३:१-२ कोण वाचणार? बंडखोर, विटाळलेल्या नगरीला हाय हाय!

साधासरळ
ते पटतं. सफन्या कोणी आपणहून उघडत नाही हे खरं.

माळ्यावरची_पेटी
यशया ७:१४ बद्दल कोणीच काही म्हटलं नाही अजून. चौथ्या आठवड्यात तेच गाजतं, आणि तिथेच वाचणारे घसरतात. सगळा सातवा अध्याय वाचा. इ.स.पू. ७३५ च्या आसपास अरामचा रसीन आणि इस्राएलचा पेकह यरुशलेमवर चाल करून येतायत, राजा आहाज घाबरलाय, आणि यशया त्याला म्हणतो चिन्ह माग. आहाज नको म्हणतो, वर धार्मिक कारण देतो. पुढे सोळाव्या वचनात आहे की मुलाला बरंवाईट कळायच्या आधी या दोन राजांचे देश ओसाड पडतील. म्हणजे चिन्ह आहाजच्या हयातीतलं आहे. थेट मत्तय १:२३ वर उडी मारणं मला पटत नाही.

शब्दवेल्हाळ
अंशतः सहमत. हिब्रूतला शब्द आल्मा, तरुण स्त्री. सेप्टुअजिंटने पार्थेनोस केलं, कुमारी, आणि मत्तयाने तेच उद्धृत केलं. पण मत्तय "पूर्ण झालं" म्हणतो तेव्हा पहिला अर्थ रद्द करत नाही, भरून काढतो. दोन्ही अर्थ हातात ठेवून वाचायला काय हरकत?

माळ्यावरची_पेटी
हरकत नाही. फक्त क्रम पाळा. आधी आहाजची भीती, मग इम्मानुएल. "देव आम्हांबरोबर" हे शत्रू दाराशी असताना उच्चारलेलं नाव आहे, ते सुटलं की त्याचं भेटकार्ड होतं.

पायवाट
+१. भेटकार्ड हा शब्द नेमका.

अरुणोदय
१७ ते २३ डिसेंबर या सात दिवसांसाठी वेगळी सोय आहे ती सांगतो. सायंप्रार्थनेत मरीयेच्या गीताआधी "हे..." अशा संबोधनाने सुरू होणारं एकेक पालुपद म्हणतात. क्रम असा: हे ज्ञाना, हे अदोनाय, हे इशायाच्या मुळा, हे दावीदाच्या किल्ली, हे उदया, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएला. लॅटिनमधली आद्याक्षरं शेवटाकडून जोडली की "एरो क्रास" होतं, उद्या मी असेन. शब्दकोडं सोडून द्या, काम हे करा: रोज संध्याकाळी त्या नावामागचं एकच वचन शोधून वाचा. पाच मिनिटांत होतं.

ज्ञानाला यशया ११:२. अदोनायला निर्गम ३, जळतं झुडूप. मुळाला यशया ११:१ आणि १०. किल्लीला यशया २२:२२, सोबत प्रकटीकरण ३:७. उदयाला मलाखी ४:२. राजाला हाग्गय २:७ आणि इफिसकर २:१४. इम्मानुएलला यशया ७:१४.

यातली किल्ली लोक गाळतात, कारण यशया २२ अनोळखी. तिथे शेबना नावाचा राजवाड्याचा कारभारी बडतर्फ होतो आणि त्याच्या जागी एल्याकीम येतो, दावीदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर. किल्ली खांद्यावर घ्यायची! मग यशया ९:६ उघडा, सत्ता त्याच्या खांद्यावर राहील. मी तरी ही दोन वचनं वेगळी वाचत नाही.

आणि "उदय". लूक १:७८ मध्ये जखऱ्या म्हणतो वरून उदय आमच्याकडे येईल. ग्रीक शब्द अनातोले. सेप्टुअजिंटमध्ये यिर्मया २३:५ आणि जखऱ्या ६:१२ मधल्या "अंकुर" या हिब्रू शब्दालाही अनातोलेच वापरलाय. उगवणं सूर्याचंही आणि रोपाचंही. तसं पाहिलं तर मराठी "उगवणं"सुद्धा दोन्हीकडे चालतं, इतर भाषांतरांना जे जमत नाही ते आपल्याला फुकटात मिळालंय.

तळटीप
सुंदर. यिर्मया २३:५-८ हे १८ डिसेंबरचंच वाचन आहे, आणि लूक १:६७-७९ हे २४ तारखेच्या सकाळचं. अंकुर आणि उदय यांच्यामध्ये सहा दिवस. आधी यिर्मयाच्या समासात खूण करून ठेवा.

गप्पिष्ट
१७ तारखेची वंशावळ मात्र मी कायम गाळत आलोय. बेचाळीस नावं संध्याकाळी घरच्यांपुढे वाचायची म्हणजे सगळे झोपणार.

माळ्यावरची_पेटी
एक्केचाळीस. मत्तय १:१७ चौदा-चौदाचे तीन गट म्हणतो, पण तिसऱ्या गटात नवी नावं तेराच भरतात. शिवाय योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजे गाळलेत. चौदाचा आग्रह बहुधा दावीदामुळे: हिब्रूत त्याच्या नावातल्या अक्षरांची अंकमूल्यं ४+६+४.

सगळी नावं मोठ्याने वाचू नका. चार ठिकाणी थांबा: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. चौथीचं नावही मत्तय घेत नाही, नवऱ्याचं घेतो, म्हणजे दावीदाचा अपराध वंशावळीत कोरूनच ठेवतो. चौघींची गोष्ट प्रत्येकी दोन वाक्यांत सांगितली तर दहा मिनिटं होतात आणि कोणी झोपत नाही. लहान मुलं असतील तर तामार आणि उरीयाचं प्रकरण आवरतं घ्या.

दिवटी
घरच्यांसोबतच्या संध्याकाळबद्दल. स्तोत्र ८० चं पालुपद वापरा, पहिल्या रविवारचंच स्तोत्र आहे. तिसरं, सातवं आणि एकोणिसावं वचन जवळजवळ सारखं, पण हाक वाढत जाते. आधी "हे देवा", मग "हे सेनाधीश देवा", मग "हे परमेश्वरा, सेनाधीश देवा". एकाने स्तोत्र वाचायचं, बाकीच्यांनी ही तीन वचनं. रोज तेच ठेवा, बदलू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी पुस्तकाकडे बघावं लागत नाही.

क्रम: मेणबत्ती, स्तोत्र, सकाळच्या उताऱ्यातली ३-४ वचनंच, दोन मिनिटं शांतता, एकेका वाक्याची प्रार्थना. बारा मिनिटांच्या वर नेऊ नका. मोठा उतारा आणि लांब प्रार्थना, बहुतेक घरांतली उपासना यामुळेच तिसऱ्या दिवशी बंद पडते.

साधासरळ
आगमनकाळाच्या चक्रावर दर रविवारी एक नवी पेटवतात त्या चार मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात, ती कुठून आली? वाचनांत तसा क्रम मला दिसत नाही.

तळटीप
नाहीच. पंचांगातली वाचनं त्या चार नावांवर बेतलेली नाहीत. हे चक्रच मुळी अलीकडचं, १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखर्न यांनी अनाथाश्रमातल्या मुलांसाठी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या तिथून. फक्त तिसऱ्या रविवारच्या आनंदाला जुना आधार आहे: त्या दिवसाचं पारंपरिक प्रवेशगीत फिलिप्पैकर ४:४-५ वर आहे, "सर्वदा आनंद करा", म्हणून ती मेणबत्ती गुलाबी. नावं ठेवायची तर ठेवा, पण पहिल्या रविवारी "आशा" म्हणताना मार्क १३ ला बगल देऊ नका.

उंटावरचा शहाणा
अवांतर: उपवासाचं काय? पूर्वी करायचे म्हणतात.

तळटीप
करत. ५८१ च्या माकॉनच्या धर्मसभेने संत मार्टिनच्या सणापासून, ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार उपवास नेमला होता. मिलानच्या अम्ब्रोसियन विधीत आगमनकाळ आजही सहा आठवड्यांचा आहे. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा जन्मोत्सवाचा उपवास १५ नोव्हेंबरपासून ४० दिवस. पण धागा शास्त्रवाचनाचा आहे, तेव्हा लूक ३:१०-१४ वर या. लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? उत्तरं अगदी मोजूनमापून: दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, जकातदारांनी नेमल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कोणाला लुबाडू नये आणि पगारात समाधान मानावं. यंदाच्या रविवारी हा उतारा नाही. तो १६ डिसेंबरला जोडून घ्या आणि १७ च्या आत अंगरखा खरोखर देऊन टाका.

अरुणोदय
शेवटच्या प्रार्थनेसाठी एकच शब्द पुरतो, १ करिंथकर १६:२२ मधला मारानाथा. अरामीत तोडावा तसा अर्थ: माराना था, आमच्या प्रभू, ये. मारान अथा, आमचा प्रभू आला आहे. प्रकटीकरण २२:२० पाहिलं तर पहिला बरोबर वाटतो, पण या काळात दोन्ही चालतील.

गप्पिष्ट
फोनचा कळफलक मात्र तिसराच अर्थ काढून दरवेळी "मराठा" करतोय.

कोनाडा
सर्वांचे आभार. वरचं सगळं धरून असं ठरवतोय:
पहिल्या दिवशी लूक २४:२५-२७ (उंटावरच्यांचा मान राखून), मग रविवारचं वाचन. ३० तारखेला यशया २:१-५. मग १६ पर्यंत पंचांग, यशयाला प्राधान्य, सकाळी पायवाट यांच्या वाटणीने. १७ पासून शुभवर्तमानाला प्राधान्य, संध्याकाळी अरुणोदय यांची सात नावं. वहीत रोज एकच वचन हाताने उतरवायचं आणि खाली एक ओळ प्रार्थना.

दोन प्रश्न उरले. एखादा दिवस चुकला तर? आणि लूक १:२६-३८ हे ८ तारखेलाही आहे आणि २० च्या रविवारीही, दोनदा काय करायचं?

पायवाट
१६ च्या आधी चुकला तर सोडून द्या आणि आजचं वाचा. थकबाकी भरायला बसलात की दोन दिवसांचं एकदम, मग चार दिवसांचं, मग वही बंद. दुसऱ्या आठवड्यात गाडी अडते ती बहुधा याच थकबाकीने. १७ नंतर मात्र कथा सलग आहे, तिथे चुकलेलं शुभवर्तमान नुसतं एकदा वाचून पुढे जा, मनन आजच्याच उताऱ्यावर.

दिवटी
८ ला फक्त मरीयेच्या बाजूने वाचा: २९ व्या वचनात ती अस्वस्थ होते, ३४ व्यात प्रश्न विचारते, ३८ व्यात होकार देते. तीन पायऱ्या, मधली गाळू नका. २० ला गब्रीएलच्या बाजूने: ३२-३३ ही वचनं त्या दिवशीच्या पहिल्या वाचनाशेजारी, २ शमुवेल ७ शी, ताडून पाहा. दावीद म्हणतो देवाला घर बांधतो, देव म्हणतो मीच तुझं घराणं उभारतो. हिब्रूत घर आणि घराणं एकच शब्द, बाइत.

शब्दवेल्हाळ
एक राहिलं. २२ ला मरीयेचं गीत (लूक १:४६-५५) येतं. पंचांगात त्या दिवशी पहिलं वाचन १ शमुवेल १:२४-२८ आणि त्याला प्रतिसाद म्हणून २ ऱ्या अध्यायातलं हन्नाचं गीत, पण त्यातली निवडकच वचनं. २:१-१० पूर्ण वाचा. बलवानांची धनुष्यं मोडली, भुकेले तृप्त झाले, कंगालाला धुळीतून उठवलं. मरीयेच्या ओळी कुठून आल्या ते बोट ठेवून दाखवता येतं.

कोनाडा
नोंदवलं. मेणबत्त्यांचं एक व्यावहारिक: पहिली शेवटपर्यंत पुरते का?

दिवटी
रोज १५ मिनिटं धरली तर पहिली २६ दिवस म्हणजे साडेसहा तास जळते, चौथी २० ते २४ म्हणजे फक्त सव्वा तास. चारही सारख्या जाडीच्या घेतल्या तर पहिली नाताळआधी संपायची. पहिली जाड घ्या, किंवा तिची एक जोडीदार आधीच बाजूला काढून ठेवा.

उंटावरचा शहाणा
आणि माझी वाट बघू नका. मत्तय २ (पूर्वेकडचे ज्ञानी लोक) तुमच्या आराखड्यात नाही, मी ६ जानेवारीला पोचतो.